भुवयांची चौकशी

आमच्या नात्यात सोयरीक ठरायची वेळ आली की चौकशीला मला पाठवतात. मी भूमापक आहे, अंबडला राहतो. बांधावरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी खोटं कोण बोलतंय हे ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली. बहुतेक वेळा दोघंही थोडं थोडं खोटं बोलत असतात. सोयरिकीतही मी तेच धरून चालतो. शेत सांगितलं की सातबारा बघतो, नोकरी सांगितली की तिथं जाऊन येतो, आणि मुलगा निर्व्यसनी आहे असं कुणी फार ठासून सांगितलं की त्याच्या गल्लीतल्या पानटपरीवर उभा राहतो. माझी बायको लोकांना सांगते, "मला बघायला आल्ते तवा यांनी चहाचा कप उलटा करून बघितल्ता." ते खरं नाही. बशी पाहिली होती.

घनसावंगीला माझी धाकटी बहीण असते. दाजी गेले तेव्हापासून तिच्या घरचे मोठे निर्णय माझ्या विचारानं होतात. तिचा एकुलता मुलगा, माझा भाचा, जालन्याला बियाणं साफ करून पोत्यात भरायच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला हसनाबादचं स्थळ आलं. मुलीचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी, मुलगी बी.एस्सी. झालेली, गावातल्याच खासगी शाळेत शिकवणारी. कागदावर सगळं बरोबर होतं. कागदावर सगळं बरोबर असलं की मी जास्त जपून असतो.

बघायला गेलो तेव्हा मे महिना होता. पंखा गरम वारा फेकत होता. जयभीम झाला, पाणी झालं, आणि मुलगी चहा घेऊन आली. अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा, गळाबंद ड्रेस. एवढ्या उन्हात तरुण मुलगी असं का घालते, हा पहिला प्रश्न मनात आला.

मग मी बघत गेलो. कप पुढं करताना तिचा तळहात दिसला. त्यावर बारीक रेघांचं जाळं होतं, साठीच्या बाईच्या हातावर असतं तसं. नखांना रंग नव्हता, तरी ती पॉलिश केल्यासारखी चकाकत होती. दोन्ही डोळ्यांखाली दुहेरी घडी. हनुवटीजवळ पावडरखाली एक फिका डाग. मानेवर काळपट लाटा, मळ साचल्यासारख्या. आणि भुवया: आतल्या बाजूला दाट, बाहेरच्या टोकाला केसच नाहीत. तिथं पेन्सिल फिरवली होती, आणि घामानं डावीकडची पेन्सिल थोडी पुसली होती.

बाकीच्यांना यातलं काही दिसलं नाही. भाचा तिला विचारत होता की सातवीच्या पोरांना अपूर्णांक कसे शिकवतेस, आणि ती भाकरीचे तुकडे करून दाखवते म्हणून सांगत होती. दोघंही हसत होते.

परतीच्या जीपमध्ये चार गावांची माणसं होती म्हणून कुणी काही बोललं नाही. बहिणीच्या घरी पोचल्यावर ती म्हणाली, "पोरगी ग्वाड हाय. पण मान घासत न्हाई वाटतं."

"मानेचं सोड," मी म्हणालो. "भुवया बघितल्या का?"

आम्ही शाळेत असताना आरोग्य खात्याची माणसं भिंतीवर तक्ते लावून जायची. अंगावर फिका चट्टा, भुवईचे केस झडलेले. ते चित्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी बहिणीला तो शब्द सांगितला. महारोग असू शकतो, असं म्हणालो. असू शकतो म्हणालो, आहे म्हणालो नाही. पण शब्द तोंडातून गेला.

बहीण खाटेवर बसली. भाचा दारात उभा होता. त्यानं तळहातानं नाक खालून वर घासलं, ही त्याची लहानपणापासूनची सवय, आणि म्हणाला, "मामा, मला पसंत हाय."

"तिची भुवई दिसली का तुला?"

"न्हाई."

"मंग काय दिसलं?"

"दिसलं काय न्हाई. ती बोलली ते ऐकलं."

त्याचं मी मनावर घेतलं नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाच कळत होती. आपण नुसता नकार कळवला तर कारण विचारलं जाणार. कारण फुटलं की त्या मुलीला दुसरं स्थळ येणार नाही, आणि शाळेत पोरं तिच्याजवळ बसणार नाहीत. असा शब्द आमच्या जिल्ह्यात जीपच्या आधी गावात पोचतो. म्हणून नकार देण्याआधी खात्री करायची, असं मी ठरवलं आणि एकटाच पुन्हा हसनाबादला गेलो.

गुरुजींना आडपडदा न ठेवता विचारलं.  ते म्हणाले, "लहानपणापासून खाजवती ती. उष्णता हाय अंगात."

उष्णता या शब्दावर माझा विश्वास नाही. ज्याचं नाव सांगायचं नसतं त्याला आमच्याकडं उष्णता म्हणतात.

"डॉक्टरला दाखवू," मी म्हणालो. "डॉक्टर मी ठरवीन."

"म्हणजे आमचा डॉक्टर खोटं सांगंल?"

"तुमचा तुमच्यासारखं सांगंल, आमचा आमच्यासारखं. दोघांच्याबी ओळखीचा नसलेला बघू."

गुरुजींचा चेहरा लाल झाला. ते उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली.

"मी येते दवाखान्यात," ती म्हणाली. "पण मुलगाबी येईल. त्यालाबी तपासायचं."

"तू आत जा," गुरुजी म्हणाले.

"आतच होते अण्णा. आतून सगळं ऐकू येतं."

तिची अट मला खटकली. ज्याच्याकडं लपवायला काही असतं तो समोरच्यालाही गोवतो, हे मी बांधावर कितीदा पाहिलं आहे. तरी हो म्हणालो. भाच्यात काही निघणार नाही, याची मला खात्री होती.

जालन्यातली एक त्वचारोगाची डॉक्टर मी निवडली. कुणाच्या ओळखीची नाही ना, हे दोनतीन ठिकाणी विचारून घेतलं. गुरुजींना पत्ता त्याच दिवशी सकाळी कळवला, म्हणजे आधी कुणाला भेटायला वेळ मिळू नये.

आम्ही पाचजण आत गेलो तशी डॉक्टरबाईंनी मान वर केली. "पेशंट कोण? का सगळेच?"

"ही मुलगी," मी म्हणालो. "हिचं लग्न ठरतंय."

"लग्न ठरवायला इथं आलात?"

"थांबलंय म्हणून आलोय."

त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. पण मुलगीच म्हणाली, "राहू द्या मॅडम. यांच्यासमोरच तपासा. मंग परत परत सांगावं लागणार न्हाई."

डॉक्टरबाईंनी आधी हनुवटीचा फिका डाग पाहिला. मुलीला डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक त्या डागाला लावलं. "कुठं?" मुलीनं बोट ठेवलं. बरोबर त्याच जागी. मग कधी डागावर, कधी डागाच्या बाहेर, कधी नुसतंच हवेत. मुलगी एकदाही चुकली नाही. मी खुर्ची पुढं सरकवून डोळे नीट मिटलेत ना ते पाहत होतो. डॉक्टरबाईंच्या ते लक्षात आलं.

"नीट मिटलेत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

मी सांगितलं.

"महारोगाचा चट्टा असा खाजत नाही, आणि त्यात स्पर्श बहुतेक कळत नाही. आणि तो आजार असता तरी गोळ्यांनी बरा होतो. लग्न मोडायचं ते कारण नाही. ते तक्ते आता जुने झाले, काका."

मग त्यांनी बाह्या वर करायला सांगितल्या. कोपराच्या आतल्या लवणीत कातडी जाड, काळपट आणि चामड्यासारखी झाली होती, ओरखडे होते. इतक्या उन्हात बाह्या का, हे मला तिथं कळलं. पडद्यामागं नेऊन त्यांनी गुडघ्यांची मागची बाजू पाहिली. परत आल्यावर पेनच्या टोपणानं मुलीच्या हातावर एक रेघ ओढली. सगळे वाकून बघायला लागलो. रेघ लाल व्हायला हवी होती. थोड्या वेळानं ती पांढरी पडली.

"तुमच्या हातावर ओढू?" त्यांनी मला विचारलं आणि ओढलीही. माझी लाल झाली.

"हे काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"एक्झिमा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ॲलर्जीचा. यांची कातडी जन्मापासून कोरडी आहे, खाज सुटते, खाजवलं की जाड होते. खाज येते म्हणून चेहरा चोळतात, चोळून भुवईचं टोक जातं. खाजवून खाजवून नखं चकाकतात. डोळ्यांखाली ही घडी पडते. तळहातावर रेघा जास्त दिसतात. मान किती घासली तरी या लाटा जात नाहीत. तो मळ नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही, पण माझ्या बहिणीनं पदर सारखा केला.

मी सहजासहजी सोडणाऱ्यातला नाही. "यातली एकेक खूण तर कुणालाबी असू शकती, मॅडम. माझ्या आईच्या तळहातावरबी रेघा होत्या."

"असू शकते. म्हणून एका खुणेवर मी बोलत नाही. खाज आहे का, लहानपणापासून आहे का, कोपराच्या लवणीत आहे का, घरात आणखी कुणाला आहे का, हे सगळं जुळलं की बोलते." मग त्यांनी मुलीला विचारलं, "तोंडाला काय लावता?"

मुलीनं पर्समधून एक चपटी झालेली ट्यूब काढली. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, गोरं व्हायची. डॉक्टरबाईंनी ती वाचली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकली. "हिनं कातडी पातळ होते आणि रंगही उडतो. पुन्हा चेहऱ्याला लावायची नाही."

"घरात कुणाला दमा? सारख्या शिंका?"

"माझ्या आईला दमा होता," गुरुजी म्हणाले. ते त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. मी मनात टिपून ठेवत होतो, तेवढ्यात डॉक्टरबाई माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाल्या, "तुम्ही. जरा उजेडात या."

मागं भाचा उभा होता. नुकतंच त्यानं नाक वर घासलं होतं.

त्यांनी त्याला खिडकीजवळ नेलं. नाकाच्या शेंड्याच्या थोडं वर एक आडवी रेघ होती. इतकी वर्षं त्याला पाहतोय, ती रेघ मला कधी दिसली नव्हती. डोळ्यांखाली काळसर सावली होती, तिला आम्ही रात्रपाळीचं जागरण समजत होतो. आणि पापणीखाली तीच दुहेरी घडी, जी मी हसनाबादला मुलीच्या चेहऱ्यावर बघून मनात धरली होती.

"नाक असं वर घासून घासून ही रेघ पडते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोंड उघडं ठेवून झोपता?"

"त्याचा सर्दीचाच कोठा हाय," बहीण मध्येच म्हणाली.

"छातीत शिट्टी वाजते का?"

भाच्यानं आईकडं पाहिलं. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

"मी यांना विचारतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "श्वासाचा पंप वापरता?"

"लागला तर," भाचा म्हणाला.

"कुठाय?"

"गाडीच्या डिक्कीत."

 गुरुजी माझ्याकडं वळले आणि अगदी सावकाश म्हणाले, "चौकशी बराबर झाली ना साहेब?"

 मी डॉक्टरबाईंना आकडा विचारला. दोघांनाही असं असेल तर मुलाबाळांत किती टक्के उतरेल?

"शक्यता वाढते. होईलच असं नाही. झालं तर लवकर ओळखायचं आणि औषध करायचं. तुमच्या भाच्यानं मात्र डिक्कीतला पंप खिशात ठेवावा आणि एकदा छातीच्या डॉक्टरला दाखवावं. बियाण्याची धूळ रोज नाकात जातेय."

बाहेर आल्यावर गुरुजी चहालाही थांबले नाहीत. मुलगी जाताना भाच्याला एवढंच म्हणाली, "मी लपवलं ते बाहीत मावत होतं. तुम्ही श्वास लपवला."

बसस्थानकावर मी बहिणीला विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू पहिल्याच बैठकीत त्यांना सांगितलं असतंस, दादा."

ते खरं होतं. मी सांगितलंच असतं. पण माझ्या सख्ख्या बहिणीनं एवढं दडवलं, तर अजून काय काय दडवलं असेल, हे डोक्यातून जाईना. दाजींना काय झालं होतं, हेही मी पुन्हा विचारलं. ती चिडून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली. तिथूनच तिनं सांगितलं की भुवईची गोष्ट तिनं त्याच दिवशी जावेला फोनवर सांगितली होती. जावेचं माहेर भोकरदनकडं आहे, हसनाबादच्या जवळच.

नंतर बरेच दिवस हसनाबादहून काही निरोप आला नाही. मग एका सकाळी मी दळण घेऊन गिरणीवर गेलो तर गुरुजी तिथं गिरणीवाल्याशी बोलत उभे होते. मी पोत्यांच्या मागं थांबून त्यांचे प्रश्न ऐकू लागलो. भाचा इकडं येतो तेव्हा जिना चढताना थांबतो का, रात्री खोकतो का, मामा माणूस कसा आहे, खरं बोलतो का. मी जसे विचारतो तसेच प्रश्न होते, जवळजवळ त्याच क्रमानं. शेवटच्या प्रश्नावर गिरणीवाला म्हणाला, "खरं बोलतो. पण कुणी विचारलेलं नसतं." गुरुजी हसले नाहीत. मला भेटलेही नाहीत. घनसावंगीलाही ते औषधाच्या दुकानात जाऊन आले, असं मागाहून कळलं. मला राग आला, आणि दुसरीकडं माणूस पक्का वाटला.

त्यानंतर मुलीचाच फोन आला.

"काका, आमच्या शाळेत एका पोराच्या आईनं हेडमास्तरांना विचारलं, मॅडमला काय झालंय, माझ्या पोराला त्यांच्या वर्गात ठेवू का नको. शब्द तोच हाय. तुमच्याकडून निघाला."

"निघाला," मी म्हणालो.

"मंग परत घ्यायला तुम्हालाच यावं लागंल. रविवारी विहारात माणसं जमणार हायत. डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. माझंबी, त्यांचंबी."

"आणि सोयरिकीचं?"

"ते तिथं बघू."

फोन ठेवल्यावर मी विचार करत बसलो. सगळ्या गावासमोर आपल्याच तोंडून भाच्याचा दमा वदवून घ्यायचा आणि मग नकार द्यायचा, असाही हा बेत असू शकत होता. अपमानाची परतफेड. बहीण म्हणाली, "जाऊ नको, दादा. फसवून राह्यलेत ते." भाचा म्हणाला, "फसवू द्या. तिची नोकरी जाईल, मामा." आणि त्यानं गाडी काढली.

विहार भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं. गुरुजींनी मला पुढं बोलावलं, नाव न घेता, "आलेले पाहुणे बोलतील" एवढंच म्हणून. मी उभा राहिलो. भाषणाची सवय नाही, म्हणून बांधावर निकाल सांगतो तसं सांगितलं. या मुलीला एक्झिमा आहे, जन्मापासूनची कोरडी, खाजणारी कातडी. भुवई चोळून गेली आहे. डाग हा महारोग नाही, जालन्याच्या डॉक्टरनं माझ्यासमोर तपासलं आहे. माझ्या भाच्याला दमा आहे, पंप लागतो, ते आम्ही सांगितलं नव्हतं. दोन्ही ॲलर्जीचे आजार आहेत. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "एका ताटात जेवलं तर?"

"लागत न्हाई."

"कापडं एकत्र धुतली तर?"

"न्हाई."

"मंग महारोगाचं कुणी काढलं हे?"

"आमच्या घरातून निघालं," मी म्हणालो. "म्हणूनच मला बोलावलंय."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "दिसतो तर शिकलेला." काहीजण हसले.

मागच्या बाजूला एक तरुण बाई उभी होती, कडेवर लहान मूल. हेडमास्तरांकडं गेलेली ती हीच, हे तिच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं. मुलगी उठून तिच्याजवळ गेली. आपला हात तिच्यापुढं धरला, तळहात वर करून. त्या बाईनं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग बोट लावून रेघांवरून फिरवलं, सावकाश, जणू तिथं काही पुसलं जातंय का ते बघत होती.

"दुखतं का?" तिनं विचारलं.

"खाजतं," मुलगी म्हणाली.

त्यानंतर गुरुजींनी माझ्या बहिणीला आत बोलावलं. माझं तिथं काम नव्हतं, म्हणून मी बाहेर चपलांजवळ थांबलो. आतला आवाज ऐकू येत नव्हता. मी त्या तरुण बाईकडं बघत होतो. ती कुणाशी न बोलता निघून गेली. तिला पटलं की तिनं नुसतं चारचौघांत मान हलवली, हे तिच्या चेहऱ्यावरून मला ठरवता आलं नाही, आणि घरी आल्यावरही ते माझ्या मनातून गेलं नाही.

सोमवारी शाळा भरायच्या वेळेला मी तिथं फोन लावला. शिपायानं उचलला. त्या बाईचा मुलगा सातवीत होता, तो आज आलाय का, असं विचारलं. शिपाई जाऊन बघून आला. आलाय, मॅडमच्या वर्गात पुढच्या बाकावर बसलाय, म्हणाला. मग त्यानंच विचारलं, तुम्ही कोण बोलताय.

"मॅडमचा मामेसासरा," मी म्हणालो.